काकडं टाकलीस ना?

आईच्या हातची शेवटची भाजी मी थुंकले. पडवीतून बाहेर, अंगणात, दोन पाहुण्या बायकांच्या देखत. हे आधीच सांगून टाकते, कारण आई गेल्यापासून लोक मला रस्त्यात थांबवून म्हणतात, "आयचं लय केलंस गो तू." केलं. तिला न्हाऊ घातलं, लुगडी धुतली, शहापूरला डॉक्टरांकडे खेपा घातल्या. पण भाजी थुंकली तीही मीच, आणि त्या दिवसानंतर आई चुलीपुढे बसली नाही. त्याची माफी मला तिच्याकडे मागायची होती. त्यानंतर अडीच वर्षं ती माझ्या समोर होती, रोज, हाताच्या अंतरावर. मी मागितली नाही.

भाजी शेवळांची होती. ज्यांनी खाल्ली नाही त्यांना सांगते. मिरग लागायच्या आधी डोंगराच्या उतारावर पाचोळ्यातून एक जांभळट कोंब वर येतो, वीतभर उंच, वर पान गुंडाळलेलं. ते शेवळं. वरचं पान सोलायचं, आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरायचं आणि सुकट नाहीतर वाल घालून शिजवायचं. अशी भाजी की शेजारी मटण असलं तरी हात आधी तिच्याकडे जातो. पण शेवळाला खाज असते. नुसतं शिजवलंत तर घशात सुया टोचतात, जीभ जड होते, डोळ्यांतून पाणी वाहतं. तिला उतारा काकडांचा. काकड म्हणजे आमच्या रानातलं झाड, त्याला नेमकी त्याच दिवसांत बोराएवढी हिरवी आंबट फळं धरतात. ती ठेचायची, पाण्यात कुस्करायची आणि ते पाणी भाजीत ओतायचं. खाज जाते. आई म्हणायची, "देवानं खाज दिली तवा उतारा बी त्याच म्हयन्यात दिला. ध्यान मानसानं ठेवाचं."

आई माहेरची मुरबाडकडची, टोकावड्याच्याही पुढची, घाटाच्या पायथ्याची. लग्न होऊन शहापूर तालुक्यात आमच्या पाड्यावर आली. मी सहावीत असताना वडील तापानं गेले. मागं उरली भाताची दोन खाचरं, मी, आणि घरामागचा डोंगर. भात निम्म्या वर्षाला पुरायचं. बाकीचं वर्ष आईनं डोंगराच्या जिवावर काढलं. करवंदं, जांभळं, कंटोळी, आळंबी, जे ज्या दिवसांत निघेल ते पाटीत भरून ती कधी शहापूरच्या बाजारात, कधी वाशिंदला स्टेशनाबाहेर जाऊन बसायची. सुट्टी असली की मीही बरोबर.

शेवळांच्या दिवसांत तिचा एक नियम होता. जुडीबरोबर मूठभर काकडं द्यायचीच, मागितली नाहीत तरी. एकदा वाशिंदच्या नव्या इमारतीतल्या एक बाई आल्या. म्हणाल्या, "ती फळं नकोत मला, मी चिंच घालीन." आईनं त्यांच्या हातातली जुडी काढून परत पाटीत ठेवली.

"मंग शेवळं नको नेऊ, ताई. तुज्या पोरांचा घसा धरंल."

बाई चिडल्या. विकायला बसलीस की शिकवायला, असं काहीतरी बोलून निघून गेल्या. मला इतकी लाज वाटली. मी म्हटलं, "आय, आलेला गिऱ्हाईक घालवलास ना!" ती पाटीवर पाणी शिंपडत म्हणाली, "जाऊ दे. कोनाच्या पोरांना खाजवून माजं पोट भराचं नाय."

ती बाई दोन दिवसांनी पुन्हा आली आणि काकडं घेऊन गेली. पुढे वर्षानुवर्षं आईकडूनच न्यायची.

आणखी एक गोष्ट आमच्या घरात होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. रानातली नवी भाजी पहिल्यांदा शिजली की आधी घरातल्या गेलेल्यांना. पळसाच्या पानावर भात, त्यावर भाजी, आणि ते पान परसात आंब्याखाली ठेवायचं. वडिलांचं नाव आई घेत नसे. नुसतं म्हणायची, "नवी भाजी हाय. खाऊन घ्या." मग आम्ही जेवायचो. आणि पान ठेवेपर्यंत भाजी चाखायची नाही. मीठ बघायला बोट लावायचं नाही. गेलेल्यांच्या आधी आपण तोंड घातलं तर भाजी उष्टी होते. म्हणून वर्षाची पहिली शेवळं आई कधीच चाखून करत नसे. हाताच्या अंदाजानं मीठ, हाताच्या अंदाजानं काकडं. तिचा अंदाज कधी चुकला नाही. म्हणजे त्या दिवसापर्यंत.

आता माझं सांगते. मी पहिल्यापासून तोंडाळ. नाकावर राग, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. सासरी या जिभेपायी माझं काही जमलं नाही असं लोक म्हणतात. नवऱ्याच्या हातापायी जमलं नाही, हे ते म्हणत नाहीत. आठ महिन्यांची लेक कडेवर घेऊन मी परत आले तेव्हा आई पडवीत वाल सोलत होती. तिनं मान वर केली, माझ्या तोंडाकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं आणि विचारलं, "जेवलीस का?" बस्स. पोरीला घेतलं, आत गेली, तांदूळ धुवायला लागली. दुसऱ्या दिवशी शेजारीण मान वाकडी करून विचारायला आली, तर आईनं तिला दारातूनच सुनावलं, "माजी लेक माज्या घरी आली. तुज्या चुलीवर बसली काय?"

मला वाशिंदला एका शाळेत कारकुनाची नोकरी लागली. सकाळी सहाच्या जीपनं निघायचं आणि दिवेलागणीला यायचं. पोर वाढवली ती आईनं. डोंगरात जाताना लुगड्याची झोळी करून तिला झाडाला टांगायची आणि खाली आपली लाकडं तोडायची. पोरगी चालायला लागली तशी पाठोपाठ. कुठल्या दगडाशी शेवळं आधी येतात, कुठल्या काकडाची फळं जास्त आंबट, हे सगळं माझ्या लेकीला ठाऊक, मला नाही. लेक तिला हाक मारायची "आजे". एकेरी, हक्कानं, दिवसातनं शंभरदा. माशाचा काटा आजेनं काढायचा, वेणी आजेनं घालायची, ताप आला तर आजेच्याच मांडीवर. मी मम्मी. मम्मी म्हणजे वह्यांना कव्हर घालणारी आणि ओरडणारी.

दहावीच्या परीक्षेला आई तिच्याबरोबर केंद्रावर जायची. पेपर सुटेपर्यंत रस्त्यापलीकडे चिंचेखाली बसून राहायची. मी म्हटलं, "तू तिथं बसून काय करनार? तुला वाचाया येतं?" ती म्हणाली, "काय नाय करत. पोरीनं खिडकीतून पायलं तर मी दिसंन." मी कपाळावर हात मारला होता. परवा लेक सांगत होती, प्रत्येक पेपरला तिनं खिडकीतून बघितलं होतं.

मग आई विसरायला लागली. आधी बारीकसारीक. आमटीत मीठ दोनदा. कोंबड्या डालल्यात की नाही हे बघायला चारदा उठणं. टोकावड्याच्या भावाला निरोप धाड म्हणायची. मामा जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. डॉक्टर म्हणाले, वय झालं की काहींचं असं होतं, गोळी देतो, पण तुम्ही चिडू नका, सांभाळून घ्या. मला म्हणाले चिडू नका! मी जीपमध्ये बसल्याबरोबर चिडले. कारण डॉक्टरांसमोर आईनं माझं वय सोळा सांगितलं होतं.

चिडत होते म्हणजे काय, घाबरत होते. हे आता कळतं. आई म्हणजे मला कधी विचारावं न लागणारी गोष्ट होती. घरी आलं की चूल पेटलेली, भाकर झाकलेली, पोर न्हालेली. ती एक एक वस्तू विसरायला लागली तसा माझ्या पायाखालचा पाट सरकत होता, आणि मी ओरडून तो जागेवर बसवू बघत होते. "आत्ता सांगितला ना तुला! किती वेळा सांगू?" लेक तेव्हा अठराची, मुरबाडला कॉलेजात जाणारी. ती कधी ओरडली नाही. आजे तेच चारदा विचारायची, ती तेच चारदा सांगायची, दर वेळी पहिल्यांदाच सांगतेय अशी.

तो रविवार ज्येष्ठातला. शाळेत मी वर्षानुवर्षं आईच्या शेवळांच्या गप्पा मारल्या होत्या. डब्यात आणून एकेक चमचा वाटला होता. त्या वर्षी मोठ्या बाई आणि गणिताच्या बाई म्हणाल्या, एकदा गरमगरम खायला घाला की! मी तोंड भरून बोलावलं. आई विसरते हे मी शाळेत सांगितलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला वाटत होतं की बाकी सगळं विसरली तरी शेवळं ती विसरायची नाही.

आईला आदल्या दिवशी सांगितलं तर तिचं तोंड उजळलं. भल्या सकाळी लेकीला घेऊन डोंगरात गेली. पदराची झोळी करून शेवळं आणली. कोणाला हात लावू दिला नाही. सोललं, चिरलं, चुलीवर टोप चढवला. घरभर सुकटीचा वास सुटला. पाहुण्या बायका पडवीत बसून म्हणत होत्या, "काय वास आहे हो!" आणि मी फुगले होते. आईनं पान वाढलं, परसात आंब्याखाली ठेवून आली, हात धुतले आणि आम्हा चौघींना वाढून समोर बसली. दोन्ही हात गुडघ्यावर, आमच्या तोंडाकडे बघत. आयुष्यभर ती अशीच बसायची, आम्ही पहिला घास खाईपर्यंत.

पहिल्या घासालाच घसा धरला. मोठ्या बाईंना ठसका लागला, गणिताच्या बाईंनी तोंडाला पदर लावला. माझ्या जिभेवर मुंग्या आल्या. मी उठले, पडवीच्या कडेला गेले आणि थुंकले. तिथूनच ओरडले, "आय! काकडं नाय टाकलीस? येवढी साधी गोष्ट कळत नाय तुला? मानसं मारशील एक दिवस!"

आई तशीच बसलेली. मग तिचा हात पदराकडे गेला. पदराच्या टोकाला गाठ होती. ती तिनं सोडली. आत काकडं होती, मूठभर, हिरवीगार, सकाळी झाडावरनं काढलेली. तिनं ती माझ्या पानाशेजारी जमिनीवर ठेवली, एक एक करून.

"हायत ना गो. आनलेली. टाकाची राह्यली."

कोणीतरी काहीतरी बोलायला हवं म्हणून गणिताच्या बाई हसून म्हणाल्या, "काखेत कळसा नि गावाला वळसा!" त्यांच्या मनात वाईट नव्हतं. सगळ्या हसल्या. आईसुद्धा हसली, पाहुणे हसतात तेव्हा आपण हसायचं म्हणून. आणि मी हसले. हसले मी.

एकटी माझी लेक खाली मान घालून खात होती. घासावर घास. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाक लाल, ओठ सुजायला लागलेले. मी ओरडले, "थुंक ती! थुंक म्हनते ना!" तिनं मान हलवली आणि आजेकडे बघून म्हणाली, "मस्त झालीय, आजे. वाढ अजून." आईनं वाढलं नाही. तिनं नातीच्या पुढनं ताट ओढून घेतलं.

पाहुण्यांना गूळ दिला, आंब्याचं लोणचं दिलं, पिठलं टाकून वेळ निभावली. त्यांना जीपला लावून मी परत आले तर आई घरात नव्हती. परसात आंब्याखाली बसली होती. वडिलांसाठी ठेवलेलं पान तिनं उचललं होतं, ती जागा तांब्यानं धुतली होती, आणि ओल्या मातीकडे बघून पुटपुटत होती, "खाल्लंत काय हो? नका खाऊ. खाजरी झाली." मी मागं उभी होते. तेव्हाच खाली बसायचं होतं. तिचा हात धरून म्हणायचं होतं, आय, चुकले, होतं असं. मी म्हटलं, "चल आत. लोक बघतात."

त्या दिवसापासून आई चुलीपुढे बसली नाही. मी तिला बसू नको असं म्हटलेलं नाही, हे मी स्वतःलाच कितीदा सांगितलं आहे. पण बस असंही म्हटलं नाही. उलट बरंच झालं वाटलं. विसरणारं माणूस, विस्तव, गॅस, नको ते व्हायचं. मी चूल मोडून तिथं कोठी ठेवली. ती पडवीत बसायला लागली, दोन्ही हात गुडघ्यावर. तिच्या हातांना करायला काही उरलं नाही. मग ती लुगड्याची किनार दुमडत राहायची आणि उलगडत राहायची.

आणि एक सुरू झालं. तिला ताट दिलं की ती आधी विचारायची, "काकडं टाकलीस ना गो?" भात असो, वरण असो, चहा असो. आधी वाटलं मला टोमणा मारते. मी म्हणायचे, "चहात काकडं टाकतात काय?" ती कपाला तोंड लावायची नाही. लेकीनं पहिल्याच दिवशी ओळखलं. ती सांगायची, "टाकली, आजे. मूठभर." की आई खायची. एवढंच होतं. दोन शब्दांचं काम. माझ्या तोंडून ते दोन शब्द निघत नव्हते. तिनं विचारलं की मला तो रविवार आठवायचा, आणि रविवार आठवला की माझा आवाज चढायचा.

दोन उन्हाळे गेले. शेवळं आमच्या घरात आली नाहीत, मी येऊ दिली नाहीत. शेजारी शिजायची. आई पडवीत नाक वर करून वास घ्यायची आणि काळजीनं म्हणायची, "त्यांनी टाकली असतील ना?" लेक म्हणायची, "टाकली, आजे. मी बघून आले."

हळूहळू ती आम्हाला विसरली. आधी मला, मग लेकीला. माझ्या लेकीला ती "पोरी" म्हणायला लागली, कोणाच्याही पोरीला म्हणतात तसं. लेक त्या दिवशी कॉलेजातून आली, हे ऐकलं, हसून आजेला चहा दिला आणि मग न्हाणीत जाऊन नळ सोडून रडली. गावाचं नाव गेलं, माहेरचं गेलं, वडिलांची आठवण गेली. काकडं राहिली. सगळं पुसून गेलं आणि मी उमटवलेली तेवढी भीती राहिली.

गेल्या माघातली गोष्ट. थंडी होती. सकाळी मी तिला पेज भरवत होते. जीपची वेळ झालेली, शाळेत तपासणी होती, लेक शेजारी बसून वाटीत आपली पेज ओतून घेत होती. आईनं चमच्याकडे बघितलं आणि विचारलं, "काकडं टाकलीस ना?" एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा माझा तोल गेला. "नाय टाकली! पेजंत कोन टाकतं काकडं? खायाची तर खा नायतर राहू दे!"

आईनं तोंड मिटलं. मग तिचा हात बाजूला गेला आणि तिनं नातीच्या पुढ्यातली वाटी ओढली. स्वतःकडे घेतली आणि दोन्ही हातांनी झाकली. मला म्हणाली, "पोरीला नको देऊ बाय. घसा धरंल तिचा."

मी कोण हे तिला ठाऊक नव्हतं. पोर कोणाची हे ठाऊक नव्हतं. तरी पोरीच्या घशाला काही होऊ नये, एवढं तिला कळत होतं. मी पिशवी उचलली आणि जीपला गेले. लेकीनं मागं पेज गरम केली, मूठभर टाकली म्हणून सांगितलं, तेव्हा चार चमचे गेले. हे मला संध्याकाळी कळलं.

दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला. डॉक्टर घरी येऊन गेले, म्हणाले आता हलवू नका. मी रजा टाकली. चार दिवस उशाशी होते. आणि त्या चार दिवसांत आईनं ते एकदाही विचारलं नाही. मी चमचा तिच्या ओठांशी न्यायचे आणि थांबायचे. म्हटलं आता विचारील. विचार गो आय. एकदा विचार, बघ मी कसं सांगते. टाकली म्हणते, मूठभर म्हणते, ओंजळभर म्हणते. ती डोळे मिटून पडलेली. पाणी ओठांच्या कडेनं उशीवर जायचं. न विचारताच मी सांगितलं, कानाशी वाकून, चार दिवस सांगत होते. पण तिनं न विचारलेल्या गोष्टीचं उत्तर तिला पोहोचलं की नाही, हे मला कोण सांगणार? चौथ्या दिवशी सकाळी ती गेली.

दिवस झाले, कार्य झालं, टोकावड्याकडचे लोक येऊन गेले. मी शाळेत जायला लागले. मोठ्या बाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "त्यांच्या हातची भाजी खायची राहिली हो." मी मस्टरमध्ये तोंड घातलं.

आणि मग या वर्षी ज्येष्ठ आला. एका रविवारी लेक सकाळीच डोंगरात गेली, मला न विचारता. ओढणीची झोळी करून शेवळं आणली. ओढणीच्या टोकाला गाठ होती, ती तिनं घरात आल्या आल्या सोडली आणि काकडं माझ्यासमोर ताटात ओतली.

"या वर्षी आजेचं पान हाय ना, मम्मी."

मी आयुष्यात शेवळं केली नव्हती. आई असताना गरज नव्हती. लेक करते म्हणाली, पण मी म्हटलं, नाही, मी करणार. कोठी सरकवली, तीन दगड मांडून चूल पेटवली. चिरताना हात खाजले. सुकट भाजली, शेवळं टाकली, काकडं ठेचली. एक मूठ टाकली. मग वाटलं, पुरली का? चाखता येत नव्हतं. पान ठेवायचं होतं, आणि या खेपेला पान तिचं. चाखून कसं चालेल? दुसरी मूठ टाकली. टोपाकडे बघत बसले. जिवाला चैन पडेना. आईच्या घशाला काही झालं तर, असं मनात आलं. तिला जाळून चार महिने झाले होते, तरी मनात तेच आलं. ताटातली होती नव्हती ती सगळी काकडं ठेचून ओतली.

पळसाच्या पानावर भात घेतला, त्यावर भाजी. परसात आंब्याखाली गेले. वडिलांच्या जागेशेजारी तिचं पान ठेवलं. तोंडानं म्हटलं, "टाकली गो आय. सगळी टाकली." आणि बसले, दोन्ही हात गुडघ्यावर. माती कोरडी होती. एक डोंगळा पानाच्या कडेवर चढला. मी मोठ्यानं म्हटलं, चुकलं माझं. शेजारीण कुडावरनं बघत होती. बघू दे.

घरात येऊन लेकीला वाढलं. मला घास जाईना, म्हणून समोर नुसती बसले. तिनं पहिला घास घेतला आणि तिचे डोळे गच्च मिटले. दात आंबले असणार, जबडा आखडला. मी टोपात बोट घातलं, जिभेला लावलं. आंबट म्हणजे किती आंबट! तोंडात धरवेना. कुत्र्यानं खाल्ली नसती.

लेकीनं दुसरा घास घेतला. मग तिसरा. डोळ्यांतून पाणी ओघळत होतं.

"थुंक गो," मी म्हटलं. "थुंक. बिघडली."

तिनं मान हलवली. मनगटानं डोळे पुसले, माझ्याकडे बघितलं आणि ताट पुढे केलं.

"मस्त झालीय, मम्मी. वाढ अजून."